गोळी सरकारी, दात मात्र खाजगी!

अपस्माराचा झटका थोपवणारे फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. त्याने हिरड्या वाढून दात झाकले जातात, ही नोंद १९३९ सालचीच. ते घेणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांना हा त्रास होतो. अमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्यावरील औषधे लाळ आटवतात. लाळेचे संरक्षण संपले की दात किडू लागतात. विज्ञानाला हे ठाऊक आहे; मग गोळी हाती देताना रुग्णाला ते का सांगितले जात नाही? उलट ‘वेडा दात घासत नाही’ असे म्हणून त्यालाच दोषी ठरवले जाते! पैसेवाला खाजगी दंतवैद्य गाठतो. मजुराच्या वाट्याला दात उपटणेच येते.

मानसिक रुग्णाला सर्व आरोग्यसेवांत शारीरिक रुग्णाइतकाच हक्क आहे, असे २०१७ चा कायदा सांगतो. दात त्या शरीराबाहेर आहेत काय? घाबरून गोळी सोडणे हा उपाय नव्हे. त्याने झटका बळावून जीवही जाऊ शकतो. औषध सुरू करतानाच दंततपासणी, आणि पुढे नियमित मोफत दंतसेवा, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दारात लावून धरली पाहिजे. ही भीक नव्हे, हक्क आहे.