ग्राइंडर खाली ठेवा, मालक

पणजोबांची तलवार ग्राइंडरवर धरायची, चकाचक करायची आणि 'बिफोर-आफ्टर' फोटो ग्रुपवर टाकायचे, याला हल्ली 'रिस्टोरेशन' म्हणतात. माझ्या मते याला नासधूस म्हणतात. आणि ती करणारा कोणी अडाणी भंगारवाला नसतो. आपल्यातलाच असतो. इंजिनिअर, पगार बरा, शनिवार-रविवार मोकळा, नवीन टूलकिट आणलेलं, हात शिवशिवतायत.

हे खूळ कुठून आलं तेही माहितीये. अमेरिकेतले काका गॅरेजमध्ये बसून जुनं लष्करी सरप्लस पिस्तूल पुन्हा नवं करतात, ते व्हिडिओ. ब्लूइंग उडालेलं, गंजाचे डाग पडलेले. पॉलिश पेपर मारला, बाटलीतलं 'कोल्ड ब्लू' चोळलं, झालं नवं. मीही बघतो हो, रात्री जेवताना. पण तिकडे ते पिस्तूल एकाच साच्यातून लाखांनी निघालेलं असतं. एक बिघडलं तर दुसरं मिळतं. आपल्याकडे असलं सरप्लस बाजारात मिळत नाही, मग सगळा उत्साह माळ्यावरच्या ट्रंकेकडे वळतो. तिथे असते तलवार, कट्यार, एखादा पट्टा. तिची दुसरी प्रत कुठेच नसते.

(वाड्यात तोड्याची बंदूक सापडली असेल तर तिच्यावर शिकाऊ हात अजिबात नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट बंदुकीला सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. म्हणजे तुम्ही हौसेने ती 'चालू' केलीत की सवलत गेलीच. आता बोला! आणि तलवारींचं म्हणाल तर २०१८ च्या मे महिन्यात आपल्याच शहरात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्या होत्या, ते आठवत असेल. असो.)

आता मुद्दा धातूचा. आपण मटेरियल सायन्स शिकलोय म्हणे, तर थोडं वापरूया. जुन्या पात्यांमध्ये काही पाती खऱ्या पोलादाची असतात, ज्याला इंग्रज 'वुट्झ' म्हणाले. त्यात कार्बन साधारण दीड टक्का. कार्बाइडच्या बारीक रांगा तयार होतात आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. या पोलादाचं एक नावाजलेलं केंद्र होतं कोनासमुद्रम, आजच्या तेलंगणातलं, निजामाबादकडचं. तिथे इराणी व्यापारी येऊन मुक्काम टाकायचे. आपलं शहर १९४८ पर्यंत त्याच निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे हे काही परक्या मुलखातलं प्रकरण नाही. खुद्द मायकेल फॅरेडेने १८२० च्या आसपास वुट्झवर प्रयोग केले होते. विजेवाला फॅरेडे, तोच.

तर हा जौहर पृष्ठभागावरच दिसतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो. फ्लॅप डिस्क लावून एक हात फिरवला की नक्षी गायब, आणि धार निळी पडली तर समजा तिथे तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं. मूळ टेंपरिंग गेलं. जौहर निदान नंतर एखादा जाणकार पुन्हा उठवू शकेल, जर पातं उष्णतेने बिघडलं नसेल तर. पण पात्यावरचा ठसा? दख्खनमध्ये 'फिरंग' तलवारी खूप होत्या, पातं युरोपातलं आणि मूठ इथली. त्या पात्यांवर मुठीजवळ कारागिराची खूण किंवा अक्षरं असतात, जेमतेम अर्ध्या मिलिमीटर खोलीची. पातं कुठून आलं हे सांगणारा तेवढाच एक पुरावा, आणि बफवाला तोच आधी घासतो, कारण 'इथे खड्डे आहेत'.

मुठीची तऱ्हा वेगळीच. आपल्या तलवारीचं पातं मुठीत लाखेने किंवा राळेने बसवलेलं असतं, वेल्डिंग-बिल्डिंग नाही. लाख सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडते. माझ्या ओळखीतल्या एकाने वाळूजच्या एका वर्कशॉपात घरची तलवार क्रोम प्लेटिंगला दिली. गरम टाकीत बुडवल्यावर मूठ हातात आणि पातं टाकीत. वर्कशॉपवाल्याने काय केलं असेल? दोन टाके वेल्डिंगचे मारून दिले. मुठीवर सोन्याच्या तारेचं कोफ्तगरी काम होतं, तेही प्लेटिंगच्या आधीच्या बफिंगमध्ये गेलं. आता ती तलवार हॉलमध्ये टांगलीय आणि हुबेहूब लग्नात नवरदेवाच्या हातात देतात तशी भाड्याची दिसते.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते फालतू नाही: "अरे, तलवारी पूर्वीही घासायचेच की! शिकलगार काय करायचे मग?" बरोबर. शिकलगारांचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता. पण ते हाताने, दगडावर, पात्याच्या अंगाने घासायचे, आणि पोलादी पात्यावर नंतर हिराकस लावून जौहर परत वर आणायचे. शिवाय त्यांच्याकडे येणारी तलवार उद्या वापरायची असायची. तुमची तलवार उद्या कुठे जाणारे? आणि शिकलगार ज्या कामात उमेदवारी करत आयुष्य घालवायचा, ते आपण वीस मिनिटांच्या व्हिडिओवर उरकतो. प्रॉडक्शन सर्व्हरवर फ्रेशरला कोणी रूट अ‍ॅक्सेस देतं का? बॅकअपही नसताना?

दुसरं उत्तर भावनेचं: "महाराजांच्या काळातली वस्तू गंजलेली कशी ठेवायची?" मला या वाक्याचा खरंच राग येतो. ती त्या काळातली आहे हे कशावरून ठरणार? त्या ठशावरून, त्या काळसर थरावरून, मुठीच्या घडणीवरून. ते सगळं पुसून टाकलं की उरतं लोखंड आणि तुमचा शब्द. दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ बघा. तिच्या अंगावरची फारसी अक्षरं कोणी एका रविवारी 'स्वच्छ' केली असती तर आज गाइडने काय वाचून दाखवलं असतं? १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षं जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते, ती देशाबाहेर नेण्यावर बंधन आहे. परदेशी दलालापासून वाचलेली तलवार घरच्या हौशी माणसाच्या हाती सापडते, हा आपला नशिबाचा भाग.

मराठवाड्यातल्या घरांमध्ये अशी किती हत्यारं आहेत याची कुठे एकत्र यादी नाही. जी यादी व्हायची, ती या वस्तू वाचून दाखवतील तेवढीच होणार.

आणि गंजाचं काय? सगळा गंज सारखा नसतो. काळा, घट्ट, गुळगुळीत थर मॅग्नेटाइटचा असतो, तो पात्याला सांभाळतो (पिस्तुलाचं ब्लूइंग म्हणजे तरी काय, मुद्दाम आणलेला असाच थर!). लाल, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज तेवढा वाईट. त्यावर शिवणयंत्राचं तेल लावून दोन दिवस ठेवा, बांबूच्या चिरफळीने हलक्या हाताने खरवडा, सुती फडक्याने पुसा. निघालं तेवढं निघालं. सोन्या-चांदीचं काम असेल तिथे तेवढंही नको. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ठशाचा जवळून काढा. चिंच, लिंबू, ब्रासो यातलं काहीही नको. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं.

खंडेनवमीला काकू म्हणतीलच, "पूजेला तरी जरा उजळ कर रे." हळद-कुंकू म्यानाला किंवा पाटाला लावा, झेंडू वाहा, आणि संध्याकाळी पातं कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा. काकूंना मी गेली तीन वर्षं हेच सांगतोय. यंदा त्यांनी फडकं स्वतःहून काढून ठेवलं होतं.