चिंचपाड्याला समुपदेशन परवडतं

मानसोपचारांच्या संशोधनाचा विषय निघाला की नवापूर-नंदुरबारच्या बाबतीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘हे पुण्या-मुंबईचं काम, उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला कुठली आलीय थेरपी?’ बोलणारे वाईट नसतात. त्यांत डॉक्टर असतात, अधिकारी असतात, आदिवासींच्या हक्कांसाठी उमर घालवलेले कार्यकर्तेही असतात. म्हणूनच या वाक्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं त्याच्या थेट उलट आहे. बोलण्यातून होणाऱ्या उपचारांबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत जो सगळ्यांत मोलाचा पुरावा जमा झाला, त्यातला मोठा भाग गरीब गावांतून, सरकारी आरोग्य केंद्रांतून आणि मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांच्या हातून आला आहे. चिंचपाड्याला तो लागू नाही असं म्हणणाऱ्याने तो का लागू नाही, हे दाखवून द्यावं.

चिंचपाडा म्हणजे नवापूर तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. गावात जुनं मिशनचं हॉस्पिटल आहे आणि आजूबाजूला मावची, भिल्ल, कोकणी लोकांचे पाडे. दिवाळी झाली की कित्येक घरांना कुलूप लागतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती पुन्हा उघडतात. सिकलसेल, क्षयरोग, कुपोषण यांच्यावर इथे निदान बोललं तरी जातं. झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, अंगणात नुसती बसून राहणारी बाई मात्र कुठल्याच नोंदवहीत येत नाही. ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांमध्ये ७० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांविना असल्याचं दिसलं. तो आकडा देशाचा आहे. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर ज्यांची दिवसाची मजुरी बुडते, त्यांच्या गावात परिस्थिती याहून बरी असेल असं मानायला काहीच आधार नाही.

पहिला आक्षेप शिक्षणाचा. या पद्धती शिकल्यासवरल्यांसाठी आहेत, मनातले विचार कागदावर उतरवून तपासायला सांगतात, त्या निरक्षर माणसाला कशा जमणार? आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आणि ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात जे उभं केलं, ते शहरी दवाखान्यातच उभं राहिलं. महाराष्ट्रात एलिसचा विवेकनिष्ठ विचार कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी रुजवला, त्याचेही पहिले वाचक-श्रोते मध्यमवर्गीयच होते. पण संशोधन तिथेच थांबलं नाही. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेक यांच्या परंपरेतल्या उपचाराचे, म्हणजे सीबीटीचे (विचार आणि वर्तन दोन्ही हाताळणाऱ्या उपचाराचे), भाग सुटे करून पाहिले. विचारांची तपासणी बाजूला ठेवून नैराश्यात सुटलेली कामं, भेटीगाठी, हालचाल यांच्याकडे माणसाला पायरीपायरीने परत नेलं, तर तेवढ्याच भागाने पूर्ण उपचाराइतका गुण येतो असं त्यांना आढळलं. पुढे २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाच साधा भाग कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिला आणि पूर्ण सीबीटी प्रशिक्षित थेरपिस्टनी दिली. साधा भाग कुठेही उणा पडला नाही. याला वर्तन-सक्रियता म्हणतात. तिला वही लागत नाही. रोजच्या जगण्यातली कामं आणि त्यांबद्दल आस्थेने विचारणारं माणूस, एवढ्यावर ती चालते.

समजा, ऊसतोडीहून परतलेली एक बाई महिना झाला तरी उभी राहत नाहीये. तिला ‘तुझे विचार चुकीचे आहेत’ असं सांगणं निर्दयपणाचं ठरेल, कारण तिच्या विचारांत पुष्कळ खरं असतं. मुकादमाचं देणं खरं आहे, वाटेत गेलेलं मूल खरं आहे. वर्तन-सक्रियता तिच्याशी वाद घालत नाही. पूर्वी कोणत्या गोष्टींनी जीव रमायचा, हे ती विचारते. बचत गटाची बैठक, आठवडी बाजार, रविवारची प्रार्थना, बहिणीचं घर, शेळ्यांमागे जाणं. त्यांतली सगळ्यांत सोपी गोष्ट ठरवायची, कधी आणि कोणासोबत करायची तेही ठरवायचं, पुढच्या आठवड्यात काय झालं ते विचारायचं, नाही झालं तर काय आड आलं ते शोधायचं. मनाला उभारी आली की माणूस कामाला लागतो, अशी आपली समजूत असते. पुष्कळ वेळा उलट घडतं : हातपाय आधी हलतात, मन मागून येतं.

गोव्यात हे तपासलं गेलं. ‘संगात’ ही १९९६ मध्ये सुरू झालेली संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांना दोन गटांत विभागलं. एका गटाला केंद्रातली नेहमीची, पण सुधारलेली सेवा मिळाली. दुसऱ्याला तीच सेवा आणि शिवाय सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा घरी. भेटी घेणारे स्थानिक होते, मानसोपचाराचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेले. त्यांना प्रशिक्षण देऊन पगारावर नेमलं होतं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के. समुपदेशन घेतलेल्यांचे कामाचे बुडणारे दिवस कमी झाले, आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न कमी झाले, बायकांना जोडीदाराकडून होणारी मारहाणही कमी नोंदली गेली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले. वर्षभरानंतर दोन्ही गटांतला फरक टिकून होता, मात्र तो आधीपेक्षा कमी झाला होता. हेही सांगितलंच पाहिजे.

याच गटाने घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवरही चाचणी केली. मोहाच्या दारूने होरपळलेल्या पाड्यांना या आकड्यांशी थेट कर्तव्य आहे. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचं पिणं घातक पातळीच्या खाली आलं, इतरांत २६ टक्के. शेवटच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के होते, इतरांत १८. पण जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाण घटलं नाही आणि घरातल्या हिंसेवरही ठोस परिणाम दिसला नाही. म्हणजे दारूच्या बाबतीत एवढंच समुपदेशन पुरणार नाही, आणि ते पुरेल असं सांगणारा गावाची फसवणूक करेल.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो अभ्यासकांचा आहे. मानसोपचारांचे अनेक अभ्यास फुगलेले असतात. यशस्वी निकाल छापले जातात, फसलेले कपाटात राहतात. तुलनेचा गट नुसता प्रतीक्षायादीत बसवला की कोणताही उपचार चमकून दिसतो. नेदरलँड्सचे पीम कायपर्स यांनी अशा शेकडो चाचण्या एकत्र तपासून हे वारंवार दाखवलं आहे आणि त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच मी गोव्याच्या चाचणीवर भर देतो. तिथे तुलनेच्या गटाला प्रतीक्षायादीत बसवलं नव्हतं, त्यांना प्रत्यक्ष सेवा मिळत होती. आराखडा आधी प्रसिद्ध केला होता आणि निकाल मोजणाऱ्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हतं. उलट विदर्भातला ‘विश्राम’ प्रकल्प पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. काम मोठं आहे, पण तिथे तुलनेची गावं नव्हती, म्हणून त्या आकड्यावर मी गोव्याच्या आकड्याइतकं वजन टाकणार नाही. पुराव्यांची अशी प्रतवारी करता येते. ती न करता सगळंच संशोधन संशयाच्या खात्यात टाकणं ही चिकित्सा नव्हे.

‘तज्ज्ञ नसतील तर भलतंच होईल’ या भीतीला आधीच्याच एका चाचणीने उत्तर दिलं आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत गोव्यातली १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने होते. बिगरतज्ज्ञ समुपदेशक जोडल्यावर सरकारी केंद्रांत सहा महिन्यांत बरे झालेले ६५.९ टक्के होते, समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत ४२.५. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. मला या निकालात एक मोठी सूचना दिसते. ओळखीचा डॉक्टर वेळ देऊन ऐकतो, तिथे समुपदेशकाची भर कमी पडते. रांगेत दोन मिनिटांत गोळ्या हातात पडतात, तिथे ती सर्वांत जास्त पडते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रांग कशी असते, हे सांगायला नको. तज्ज्ञ लागतात, पण ते शिकवायला, देखरेखीला, आणि भ्रम, आवाज ऐकू येणं, आत्महत्येचा निकडीचा धोका असलेल्या रुग्णांना सांभाळायला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून सर्वांत जास्त खटकतोही. तो म्हणतो, लोकांना पाणी द्या, रोजगार द्या, वनहक्काचे दावे निकाली काढा. भुकेल्या माणसाला समुपदेशन देणं म्हणजे अन्यायाची जबाबदारी त्याच्याच मनावर ढकलणं. यातलं पहिलं वाक्य मी सही करून देईन. दुसऱ्यात मात्र एक छुपी अट आहे : गरिबी संपेपर्यंत त्या बाईने अंगणात बसून राहावं. गरिबी नैराश्य वाढवते आणि नैराश्य कमाई खाऊन गरिबी वाढवतं, हे दुहेरी चक्र २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या आढाव्याने पुराव्यांनिशी मांडलं. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया इथे गुन्हेगारीच्या वाटेवरच्या ९९९ तरुणांवर प्रयोग झाला. काहींना सीबीटी, काहींना रोख रक्कम, काहींना दोन्ही मिळालं. टिकाऊ बदल दिसला तो दोन्ही मिळालेल्यांत. आणि इतकं लांब जायचीही गरज नाही. नाशिक जिल्ह्यातला पेठ हा आदिवासी तालुका. तिथल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ प्रकल्प झाला. गावातलेच स्वयंसेवक खचलेल्या माणसाला हेरायचे, चार-सहा भेटींत त्याच्याशी बोलायचे, मोबाइलवर लघुपट दाखवायचे, आणि त्याच भेटींत निराधार योजना, पेन्शन यांचे अर्ज भरून घ्यायला मदत करायचे. तिथे हक्क आणि मन यांच्यात कोणी कुंपण घातलं नव्हतं. हेच काम पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेलं.

राहिला भगताचा मुद्दा. ‘त्यांची त्यांची पद्धत आहे, आपण का ढवळावं?’ भगताकडे माणूस जातो कारण तो ऐकतो, भाषा जाणतो, घरच्यांना गोळा करतो. हे सगळं चांगल्या समुपदेशनातही लागतं आणि म्हणून मला त्याच्याशी भांडण नको आहे. मेहसाण्याजवळ उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ वर्षानुवर्षं एकत्र काम करत आले आहेत. पण आजारपणाचं खापर शेजारच्या बाईवर फोडून तिला डाकीण ठरवलं जातं, तिथे मी संस्कृतीचा आदर म्हणून गप्प बसणार नाही. याच जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या भागात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डाकीण प्रथेविरुद्ध काम केलं आहे आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. खचलेल्या माणसाला दुसरं दार उघडं असेल, तर अशा आरोपांची एक वाट तरी बंद होईल.

आता मागणी. हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका. त्या आधीच तुटपुंज्या मोबदल्यात मावेल त्याहून जास्त ओढताहेत, आणि गोव्यातला निकाल पगारी, पूर्णवेळ समुपदेशकांचा होता. चिंचपाडा, विसरवाडी, नवापूर या पट्ट्यातल्या मावची बोलणाऱ्या मुलामुलींना निवडा, प्रशिक्षण द्या, सरकारी केंद्रांत आणि मिशनच्या हॉस्पिटलातही बसवा. गोव्यात समुपदेशक आपल्या भेटींचं ध्वनिमुद्रण गटात ऐकून एकमेकांना गुण देत आणि चुका दाखवत. ती शिस्त जशीच्या तशी आणा, कारण गुणवत्ता तिथेच राखली जाते. नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची यादी मावचीत उतरवून इथल्या बायकांना समजते का, हे आधी तपासा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या भेटी फोनवर चालू ठेवा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, तिला मावची ऐकू येईल अशी सोय करा. आणि काही पाड्यांत आधी, काहींत सहा महिन्यांनी सुरुवात करून निकाल मोजा. फसला तरी तो निकाल छापा.