मला उचलू नका, रॅम्प टाका

फर्ग्युसन रस्ता आणि डेक्कनच्या आसपास गेल्या काही वर्षांत इतकी कॉफी शॉप्स उघडली की आमच्या धंद्यातल्या निम्म्या भेटी आता तिथेच होतात. मी कर सल्लागार आहे. नवा क्लायंट थेट ऑफिसात यायला बिचकतो. ‘मॅडम, कॉफीला भेटू या का?’ असा मेसेज येतो, पाठोपाठ लोकेशन. मी ते उघडते आणि दाराचा फोटो शोधते. चीजकेकचे शंभर फोटो असतात, पायऱ्यांचा एकही नसतो. मग फोन करून विचारावं लागतं. पलीकडचा मुलगा सांगतो, “नाही मॅडम, पायऱ्या नाहीत.” जरा थांबून म्हणतो, “म्हणजे दोन-तीनच आहेत.”

तो खोटं बोलत नसतो. रोज शंभर वेळा चढ-उतार करणाऱ्याला त्या पायऱ्या जाणवतच नाहीत. मला मात्र तिथेच थांबावं लागतं. अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. घरून निघून मेट्रोने डेक्कन जिमखान्याला येते, लिफ्टने खाली उतरते. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ आता चांगले रुंद आहेत, त्यामुळे मधे कोणी दुचाकी आडवी लावली नसेल तर कोणाच्याही मदतीशिवाय कॅफेच्या फाटकापर्यंत पोचते. आणि शेवटच्या दीड फुटावर सगळं अडतं.

अशा वेळी आतून दोन-तीन मुलं धावत येतात. “ताई, काळजी करू नका, आम्ही उचलतो ना!” ही मुलं मनाने फार चांगली असतात. बहुतेक जण आसाम, नेपाळ, बिहारकडून आलेले, आपल्या आईला उचलावं तशा काळजीने हात घालतात. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण उचलणं म्हणजे काय असतं ते एकदा नीट सांगायला हवं. माझ्या खुर्चीचे हात साफसफाईसाठी काढता येतात. घाईत कोणी नेमकं तिथेच धरलं, तर खुर्ची वर उचलली जाण्याऐवजी तो हातच सुटून येतो. पायांच्या फळीला धरलं तर तीही निसटते. धरायची जागा म्हणजे मागच्या मुठी आणि खालची चौकट, हे मी प्रत्येक वेळी पायरीवर उभ्या असलेल्या नव्या माणसांना समजावते, तेही मागे रांग खोळंबलेली असताना. उचलताना खुर्ची मागे कलते. माझ्या पोटाच्या स्नायूंत तोल सावरण्याची ताकद नाही, म्हणून मी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून बसते. त्या गडबडीत अनोळखी पुरुषांचे हात अंगाला लागतात. आणि ज्या माणसाला मी त्याच्या हिशेबाचं, नोटिशीचं, दंडाचं सांगायला आले आहे, तो हे सगळं दारात उभा राहून बघत असतो. त्यानंतर त्याच्यासमोर सल्लागार म्हणून बसणं किती कठीण जातं, ते मला विचारा.

म्हणून मी आता नाही म्हणते. मालक अनेकदा दुखावतात. “आमची मुलं कधीच कोणाला नाही म्हणत नाहीत,” असं एका मालकांनी मला सांगितलं. माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. ही मुलं उचलायला तयार आहेत म्हणून मालकाला रॅम्पची गरज वाटत नाही. मुलांचा चांगुलपणा मालकाच्या कर्तव्याची जागा भरून काढतो आणि मी त्या चांगुलपणाला नाही म्हटलं की हट्टी ठरते.

आता जागेचं बोलू. या भागातले बरेच कॅफे जुन्या बंगल्यांत आहेत. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून त्या बंगल्यांचं जोतं उंच ठेवलेलं असे, म्हणून दारात दोन-तीन पायऱ्या आल्याच. तीन पायऱ्यांची उंची साधारण ४५ सेंटिमीटर धरा. स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत चढायचं तर उतार १ः१२ हवा, म्हणजे दर एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ४५ सेंटिमीटरसाठी ५.४ मीटर, जवळजवळ अठरा फूट. सरळ जागा नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन वळवता येतो. एकच पायरी असेल तर सहा फुटांत काम होतं. बंगल्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत अठरा फूट सहज मिळतात. आज तिथे कुंड्या असतात, फळ्याफळ्यांचा उंच डेक असतो आणि त्या डेकवर चार टेबलं. म्हणजे बांधकाम झालं, खर्चही झाला. डेक बांधणाऱ्या सुताराला एका बाजूने उतार दे, एवढंच कोणी सांगितलं नाही.

आत गेल्यावर पुढचा पेच. ऑर्डर काउंटरवर द्यायची, आणि काउंटर माझ्या डोक्याच्या उंचीला. कॉफी तयार झाली की नाव पुकारतात, कप आपण न्यायचा. माझे दोन्ही हात चाकांवर असतात, तेव्हा कप ठेवणार कुठे? मांडीवर. आणि मला मांडीला चटका कळत नाही. उकळती कॉफी सांडली तरी जाणवणार नाही. घरी गेल्यावर फोड दिसतील, आणि दिवसभर बसून राहणाऱ्याच्या अंगावरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पुनर्वसन केंद्रात सुरुवातीलाच बजावतात की गरम भांडं मांडीवर घ्यायचं नाही. ज्याला हे माहीत नाही त्याला ‘कप टेबलावर आणून द्या’ ही विनंती म्हणजे लाड वाटतात. टेबलांचंही तसंच. खिडकीजवळची चांगली जागा उंच स्टुलांना दिलेली असते. बुटक्या टेबलांना मधोमध एक जाड खांब आणि खाली लोखंडी थाळी, त्यावर माझी पायफळी अडते आणि मी टेबलापासून हातभर दूर बसते. लॅपटॉप उघडून क्लायंटला आकडे दाखवणं तिथून जमत नाही.

शौचालयाबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण ते वगळलं तर बाकीचं सगळं फोल आहे. मला ठरावीक तासांनी कॅथेटर वापरावा लागतो. त्यासाठी खुर्चीसकट आत जाऊन दार लावता आलं पाहिजे. इथे दारच इतकं अरुंद असतं की खुर्ची चौकटीतच अडकते, आणि आत पोछा, बादली, टिश्यूची खोकी रचलेली. दरवाजा मोकळा ९०० मिलिमीटर असावा असं केंद्र सरकारच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ते नसल्यामुळे भेट ठरली की मी सकाळपासून पाणी कमी पिते. पाणी कमी प्यायलं की मूत्रसंसर्गाचा धोका वाढतो, आणि आमच्यासारख्यांना तो थेट रुग्णालयात नेतो. एका कप कॉफीसाठी एवढा हिशेब करावा लागतो.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत फक्त सरकारी कचेऱ्या येत नाहीत. जिथे सर्वसामान्य लोक व्यापारासाठी किंवा विरंगुळ्यासाठी जातात त्या खासगी इमारतीही येतात. कॅफे यात स्वच्छ बसतो. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ला आले, म्हणजे मुदत २०२२च्या जूनमध्ये संपली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्याला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. ‘ही तर नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत’ हे उत्तरही आता टिकत नाही. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगमतेचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियम मात्र शिफारशीच्या भाषेत बोलत होता. बंधनकारक किमान नियम वेगळे काढा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं. त्याच न्यायालयाच्या आवारात २०२३मध्ये दिव्यांग कर्मचारी चालवतात असा मिट्टी कॅफे सुरू झाला. दिव्यांग माणूस काउंटरच्या पलीकडेही उभा राहू शकतो, कॉफी बनवू शकतो. आमच्या शहरात तो अजून अलीकडे गिऱ्हाईक म्हणूनही पोचलेला नाही.

मालकांची कारणं मी ऐकली आहेत आणि त्यातली सगळीच खोटी नाहीत. जागा भाड्याची असते, घरमालक हात लावू देत नाही. दार थेट पदपथावर उघडत असेल तर तिथे रॅम्प बांधला की तो अतिक्रमण ठरतो, हेही खरं. अशा ठिकाणी उचलून ठेवता येणारा रॅम्प हाच उपाय आहे. पण ‘तुमच्यासारखी गिऱ्हाइकं येतच नाहीत’ हे कारण मी मान्य करणार नाही. पायऱ्या बघून जो परत जातो त्याची नोंद गल्ल्यात कशी होणार? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. आणि डेक्कन, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता हा भाग वयस्कर माणसांचा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना सुट्टीला आलेल्या नातवाबरोबर बाहेर बसायचं असतं. त्या कठडा नसलेल्या तीन पायऱ्या बघतात आणि म्हणतात, “तूच जाऊन ये, मी गाडीतच बसते.”

आपटे रस्त्याजवळच्या एका छोट्या कॅफेत माझं जाणं-येणं आहे. तिथे एकच पायरी होती. मालकाला मी मापं लिहून दिली, त्याने ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून चेकर्ड प्लेटचा सहा फुटी रॅम्प करून घेतला. दोन्ही कडांना बोटभर उंच पट्टी, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही. खर्च किती आला विचारलं तर म्हणाला, कॉफी मशीनच्या सर्व्हिसिंगला जातात त्याहून कमी. आधी तो रॅम्प माझा फोन आला की टाकायचे. आता दिवसभर तिथेच असतो, कारण सकाळी दुधाचे क्रेट आणणारा मुलगा ते ट्रॉलीवरून सरळ आत ढकलतो आणि रॅम्प उचलूच देत नाही. बाबागाडी घेऊन येणाऱ्या आयाही तिथे वाढल्या आहेत. शौचालयाचं दार अजून अरुंदच आहे. पुढच्या दुरुस्तीत मोठं करतो म्हणाला आहे, मी दर भेटीत आठवण देते.

प्रत्येक मालक असा भेटेल यावर हक्क अवलंबून राहू शकत नाही. याच मालकाने मला कॅफे सुरू करताना लागलेली कागदपत्रं दाखवली: अन्न परवाना, दुकान नोंदणी, अग्निशमनाची कागदपत्रं, भाडेकरार. दारातून कोण आत येऊ शकेल हे त्या फाइलमध्ये कुठेही विचारलेलं नाही. नवं बांधकाम असेल तर पूर्णत्वाचा दाखला देताना सुगमता तपासावी असं कलम ४४ सांगतं. पण राहत्या बंगल्याचा कॅफे होतो तेव्हा नवं बांधकाम होतच नाही आणि ती तपासणी कोणाच्याच टेबलावर येत नाही. महापालिकेने वापरबदलाच्या आणि परवान्याच्या अर्जात एक रकाना वाढवावा: दारातल्या पायऱ्यांची उंची, उताराची लांबी, दाराची मोकळी रुंदी, सोबत टेप लावून काढलेले फोटो. फोटो नसेल तर नूतनीकरण नाही. जुन्या कॅफेंना सहा महिने द्यावेत, आणि जिथे कायमचा रॅम्प अशक्य आहे तिथे उचलता येणारा रॅम्प व त्याची पाटी सक्तीची करावी.

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ला दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय इथे पुण्यातच आहे. हक्क डावलले जात असतील तर आयुक्तांना कलम ८० खाली स्वतःहूनही चौकशी करता येते. माझा अर्ज तयार आहे आणि त्याला डेक्कन परिसरातल्या ज्या कॅफेंच्या दारातून मी परतले त्यांची मापं जोडली आहेत. वाचकांनी आपापल्या नेहमीच्या कॅफेत टेप घेऊन जावं, हीच तीन मापं घ्यावीत आणि तारीख घालून आयुक्तांकडे पाठवावीत. एक प्रत मालकाच्या हातात द्यावी, आणि त्यावर जवळच्या फॅब्रिकेटरचा फोन नंबर लिहावा.