रीस्टार्ट मारायच्या आधी

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मागच्या जुलैतली गोष्ट. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात दोन मशीनवर फ्लाइटगिअर हे विमान उडवायचं सिम्युलेटर टाकलंय. फुकट मिळतं म्हणून टाकलं, खरं सांगायचं तर. दहावीतला एक मुलगा शाळा सुटली की तिथंच. सेसना १७२ हे चार जणांचं, एका इंजिनाचं विमान घ्यायचं, उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून उडवायचं, पन्हाळ्यावर एक घिरटी मारायची आणि परत यायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. (आपला विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेवढं मी सांगून घेतलं. इतिहासाचा तास कुठंही घेता येतो.)

एके दिवशी त्यानं हाक मारली, "सर, इंजिन दमतंय."

जाऊन बघितलं. थ्रॉटल जागेवर, टाकीत इंधन भरपूर, उंचीही तीच; पण आरपीएमचा काटा २३०० वरून हळूहळू खाली सरकत होता. २२००, २१००. थ्रॉटल पुढं ढकलला की जरा सावरायचा, मिनिटाभरात पुन्हा घसरण. मला घरी जायची घाई होती. मी म्हणालो, "अरे, रीस्टार्ट मार."

त्यानं मारलं. इंजिन ठणठणीत. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच, पुन्हा रीस्टार्ट. आठवडाभर हे चाललं आणि त्या आठवड्यात आम्हा दोघांनाही काडीचं ज्ञान मिळालं नाही. आपण हे घरात, शाळेत, बँकेत रोज करतो. मोबाइल अडकला, बंद करून चालू कर. गणित चुकलं, खोडून पुन्हा मांड. काम निभावतं, पण दोष कुठं होता त्याचा मागमूस राहत नाही.

मग मी शिक्षकाचा ठरलेला उपाय केला. वडिलांना बोलावलं. दहावीचं वर्ष, पोरगं गेममध्ये अडकलंय, वगैरे. वडील शिवाजी उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करतात. आले, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि पोराच्या मागं उभं राहून पडद्याकडं बघत राहिले. थोड्या वेळानं मला विचारलं, "सर, ह्ये गार असताना हुतंय का तापल्यावर?"

मला सांगता येईना.

"बरं, एकदम जातंय का हळूहळू? आन् रोज त्याच टायमाला?"

तेही सांगता येईना. पोराकडं वळून ते म्हणाले, "वही घे. आधी लिव्ह, मग हात लाव." माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत 'निरीक्षण' या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या मी फळ्यावर लिहिलेली नाही.

वही झाली. किती मिनिटं झाली, उंची किती, थ्रॉटल कुठं, आरपीएम किती, बाहेरचं तापमान आणि दवबिंदू किती. नियम एकच, एका उड्डाणात एकच गोष्ट बदलायची. मग एकेक संशयित बाद व्हायला लागला. इंधनाची खुंटी दोन्ही टाक्यांवर होती, ते ठीक. या इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. जमिनीवर १७०० आरपीएमला किल्ली फिरवून एकेक मॅग्नेटो तपासायचा, तेव्हा काटा थोडा उतरतोच, पण १२५ पेक्षा जास्त उतरता कामा नये. तोही ठीक. मग त्याला वाटलं, वर हवा विरळ असते, इंधन जास्त पडत असेल. पण वहीनं उत्तर दिलं की उंची तीच असताना काटा घसरतोय, मग विरळ हवेला बोल कसा लावायचा? इंधनात पाणी आलंय का, तेही उड्डाणाआधी नमुना काढून बघितलं. स्वच्छ.

एक दांडी राहिली होती, कार्ब्युरेटर हीटची. ती ओढली की बाहेरच्या थंड हवेऐवजी धुराड्याच्या नळीभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरला मिळते. त्यानं ओढली. काटा आणखी शंभरानं खाली. लगेच परत ढकलली. "हे नाही सर, उलट वाढलं."

इथं जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळा धडा इथं आहे. त्यानं प्रामाणिकपणे प्रयोग केला, निरीक्षण बरोबर नोंदवलं आणि निष्कर्ष साफ चुकीचा काढला. मीही मान डोलावली.

दोन दिवसांनी त्यानं नुसता दवबिंदू बदलला. तापमान २२ अंशच ठेवलं, दवबिंदू २० वरून ५ वर आणला, म्हणजे आपल्या जुलैची दमट हवा काढून कोरडी हवा बसवली. इंजिन तासभर दमलं नाही. मग आम्ही दोघांनी विमानाची माहितीपुस्तिका काढून बसलो, तेव्हा उलगडा झाला. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात इंधनाची वाफ होते, हवेचा दाबही पडतो, आणि तिथलं तापमान वीस-तीस अंशांनी उतरू शकतं. बाहेर २२ अंश असले तरी आत शून्याखाली. हवेत बाष्प भरपूर, त्याचा बर्फ गळ्याला धरतो, हवेची वाट आवळत जाते. थ्रॉटल अर्धवट मिटलेला असताना तर जास्तच. वडापावच्या गाडीवर गॅस जोरात चालू असताना सिलिंडरच्या बुडाला बाहेरून दव धरतं ना, त्याचाच हा भाऊ.

आणि गरम हवा दिल्यावर काटा आधी खालीच जातो, कारण गरम हवा विरळ असते. बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं तेव्हा ते खडखडतंही. थांबावं लागतं. या वेळी त्यानं दांडी ओढून हात मांडीवर ठेवले आणि मोठ्यानं आकडे मोजले. तिसाच्या पुढं गेल्यावर काटा उठला, आणि दांडी परत ढकलल्यावर २३०० वर जाऊन बसला. (सिम्युलेटरमध्ये बर्फ धरण्याचा हा पर्याय मुळात कुणी चालू केला, तर नववीतल्या एका मुलीनं. दिसतील त्या सगळ्या चौकटींवर तिनं टिचक्या मारल्या होत्या. तिला शाबासकी द्यायची की ओरडायचं, मी अजून ठरवलेलं नाही.)

दवबिंदू आणि अप्रकट उष्मा दहावीच्या विज्ञानात एकाच धड्यात आहेत. मी तो धडा कितीदा शिकवला असेल. व्याख्या लिहा, दोन गुण. त्या धड्यामुळं विमान खाली येऊ शकतं, हे मला सांगता आलं नव्हतं.

आता रीस्टार्टवर माझा राग का, ते सांगतो. कार्ब्युरेटरमधला बर्फ स्वतःचा पुरावा स्वतःच नाहीसा करतो. खऱ्या विमानाचं इंजिन बर्फानं बंद पडलं आणि वैमानिकानं ते शेतात उतरवलं, तर मेकॅनिक येईपर्यंत इंजिनाच्याच उष्णतेनं बर्फ वितळून गेलेला असतो. इंजिन उघडून बघावं तर सगळं नीट. उरतात त्या फक्त नोंदी. काटा कसा उतरला, किती वेळात उतरला, हवा कशी होती.

मोठ्या विमानाचंही असंच झालंय. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोवर उतरत होतं. जमिनीपासून सुमारे ७२० फुटांवर असताना इंजिनांनी जोर द्यायचं नाकारलं, आधी एकानं, सात सेकंदांनी दुसऱ्यानं. विमान धावपट्टीच्या अलीकडं गवतात आदळलं. आतले १५२ जण वाचले. टाक्यांत इंधन होतं, इंधनात खोट नव्हती, इंजिनंही शाबूत. तपास करणाऱ्यांच्या हातात होते उड्डाणाच्या नोंदयंत्रातले आकडे, आणि उच्च दाबाच्या इंधन पंपांवरच्या बारीक खुणा. पंपांना इंधन कमी पडत होतं, एवढं त्या खुणा सांगत होत्या. मग प्रयोगशाळेत थंड इंधन खेळवून बघितलं. लांबच्या गार प्रवासात इंधनातल्या पाण्याच्या अंशाचा बर्फ नळ्यांत साचला, तो एकदम सुटला आणि इंधन गरम करणाऱ्या उपकरणाच्याच तोंडाशी अडकला, असा निष्कर्ष निघाला. अंतिम अहवाल यायला २०१० उजाडलं. त्या उपकरणाची घडण बदलण्यात आली. "मशीन आहे, होतं असं कधी कधी" म्हणून सोडून दिलं असतं तर?

मला यात आमच्याच शाळेतली एक गोष्ट टोचते. दोन वर्षांपूर्वी आठवीतली एक हुशार मुलगी दिवाळीनंतर घसरायला लागली. आम्ही काय केलं? थ्रॉटल ढकलला. जादा तास, जास्तीचा गृहपाठ, पालकांना चिठ्ठी. थोडी सावरायची, पुन्हा घसरायची. नोंद कुणीच बघितली नाही. उन्हाळ्यात निकालपत्रकं लावताना एका बाईंच्या लक्षात आलं की गुण फक्त गणित आणि विज्ञानाचे गेलेत, आणि ते दोन्ही तास त्या वर्षी सकाळी पहिले होते. घरचं गुऱ्हाळ. हंगामात पहाटे तीनला उठून ती आईबरोबर कामकऱ्यांच्या भाकऱ्या थापायची. आम्हाला कळलं तोवर हंगाम संपला होता, बर्फ वितळला होता. पुढच्या वर्षी वेळापत्रकात ते दोन तास मधल्या सुट्टीनंतर घेतले. पहिल्या चाचणीत फरक दिसला नाही, तेव्हा आमच्यातलेच दोघे म्हणाले, "बघा, हे नाही." सत्र संपेपर्यंत थांबायला त्यांना राजी करताना माझी बरीच चहापाणी झाली. वर्षाअखेर ती पुन्हा होती तिथं आली.

ज्यांना हे शाळेत करून बघायचंय त्यांच्यासाठी: फ्लाइटगिअर जुन्या संगणकावरही चित्रांचा दर्जा कमी केला की बहुधा चालतं. विमान सेसना १७२पी घ्या, त्याच्या मेनूत कार्ब्युरेटरमधल्या बर्फाचा पर्याय आहे, तो चालू करा. हवामान हातानं बसवा, तापमान २२, दवबिंदू २०. मुलांना वही द्या, पाच-सहा रकाने त्यांनाच पाडू द्या. कारण आधी सांगू नका. आणि कुणी हाक मारली, "सर, इंजिन दमतंय", की घरी जायची घाई असली तरी एवढंच विचारा, गार असताना का तापल्यावर?