सरखेल, फिदाल्गु आणि तांडेल

समुद्रकांठीं एक राज्य कल्पावें, निळ्या पाण्यावर पांढऱ्या भिंतींची राजधानी उभारावी, आणि तींत ड्यूक, काउंट, बॅरन अशी मानकऱ्यांची उतरंड रचावी, हा खेळ आपल्या मुलांस फार प्रिय आहे. वहीच्या मागल्या पानांवर नकाशे निघतात, निशाणें निघतात, वंशवृक्षही निघतात. कित्येक पालकांस हा वेळेचा अपव्यय वाटतो. आमचें मत तसें नाहीं. राज्य कल्पिणें ही चांगली विद्या आहे. मात्र या राज्यांत काउंट पुष्कळ असतात आणि वल्हें मारणारा एकही नसतो, हें त्यांतील व्यंग होय. शिवाय, इटलीच्या किनाऱ्याची आठवण होण्यापूर्वीं आपल्याच किनाऱ्याची व्हावी, इतकी अपेक्षा गैर नव्हे.

खडवलीहून समुद्र दिसत नाहीं हें खरें. पण येथील भातसेचें पाणी उल्हास नदीस मिळून, कल्याणवरून खाडीवाटे वसईस समुद्रांत जातें. या एकाच पाण्याच्या कांठीं मानकऱ्यांच्या दोन निराळ्या तऱ्हा नांदून गेल्या.

वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या उमरावांस फिदाल्गु म्हणत. मूळ शब्दाचा अर्थ ‘कशाचा तरी पुत्र’, म्हणजे ज्याच्या घराण्यापाशीं कांहीं आहे असा. तो स्वतः काय करतो, याचा त्या शब्दांत उल्लेखच नाहीं! कोटाच्या आंत या घराण्यांनींच राहावें, कारागीर व बाजारकरी यांनीं बाहेर राहावें, असा तेथील रिवाज गॅझेटियरांत नमूद आहे. 1739 च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पाच्या फौजेनें वसई घेतली आणि फिदाल्गु निघून गेले. ज्यांस कोटांत जागा नव्हती ते शेतकरी व कोळी मात्र आपापल्या गांवीं राहिले.

दुसरी तऱ्हा कल्याणास सुरू झाली. 1657 सालीं कल्याण व भिवंडी हातीं आल्यावर शिवाजीमहाराजांनीं येथील खाडींत गलबतें बांधावयास घेतलीं. त्या आरमाराच्या प्रमुखांत मायनाक भंडारी होता, दौलतखान होता. ‘दर्यासारंग’ हा त्या काळचा मोठा किताब. पण सारंग म्हणजे जहाजावरील खलाशांचा मुकादम. दरबारानें शब्द डेकावरून उचलला आणि त्यास किताब केलें. हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

त्याच आरमारांतून पुढें आंग्र्यांचें राज्य उभें राहिलें, आणि खऱ्याखुऱ्या दर्याराज्याची गोष्ट ज्यास हवी त्यानें ती येथें शोधावी. तुकोजी आंग्रे सुवर्णदुर्गावर चाकरीस होता. त्याचा मुलगा कान्होजी त्याच किल्ल्यावर नांवारूपास आला, आणि 1698 सालीं सिधोजी गुजर वारल्यावर आरमार त्याच्या हातीं आलें. 1713 सालीं बाळाजी विश्वनाथानें शाहूमहाराजांच्या वतीनें त्याच्याशीं सलोखा केला, तेव्हां सरखेलीचें पद त्याजकडे कायम झालें. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य. कान्होजीच्या दस्तकाशिवाय या किनाऱ्यावर व्यापारी जहाजानें फिरावें, ही गोष्ट सोपी नव्हती. 1721 सालीं इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. 1729 सालीं कान्होजी वारला.

येथपर्यंत पद आणि काम एकाच घरीं होतें. 1733 सालीं थोरला मुलगा सेखोजी वारल्यावर संभाजी व मानाजी या भावांत तंटा लागला. 1735 सालीं बाजीराव पेशव्यानें तो अशा रीतीनें तोडला: दक्षिणेकडील किल्ले व ‘सरखेल’ हें पद संभाजीस, कुलाबा व ‘वजारतमाब’ हा नवा किताब मानाजीस. दोघांचाही मान राहिला. एक आरमार मात्र राहिलें नाहीं. पेशव्यास बळिष्ठ आंग्रे नको होते, हें उघड आहे. पण भावांनींही किताबाच्या समाधानावर अर्धें आरमार सोडून दिलें, याचा दोष दुसऱ्या कोणास द्यावा? पुढें संभाजीमागून तुळाजी आला. 1755 सालीं सुवर्णदुर्ग गेला, आणि 1756 च्या फेब्रुवारींत, खुद्द पेशव्यांनींच इंग्रजांची मदत घेतली असतां, विजयदुर्गच्या बंदरांत तुळाजीचें आरमार जळून खाक झालें. वजारतमाबांची कुलाब्याची गादी त्यानंतरही चालली. 1840 सालीं दत्तक नामंजूर करून इंग्रजांनीं तें संस्थान खालसा केलें, तेव्हां समुद्रावर त्याचें असें कांहीं उरलें नव्हतें.

आंग्र्यांचा वैरी जंजिऱ्याचा सिद्दी. त्याजकडील एक चाल मुलांनीं आपल्या काल्पनिक राज्यांत अवश्य घ्यावी. ग्रँट डफनें लिहिलें आहे कीं, सिद्दी वारला म्हणजे त्याच्या मुलाऐवजीं आरमारांतील पहिल्या अधिकाऱ्यास गादी मिळे. पुढें नबाबी आली, वारसा आला, आणि त्याबरोबर वारसाचे तंटेही आले. 1948 सालीं जंजिरा संस्थान विलीन झालें.

1950 सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेनें किताब देणें बंद केलें. लष्करी व विद्याविषयक पदव्या तेवढ्या वगळल्या. 1971 सालीं संस्थानिकांची मान्यता व तनखेही गेले. पालकांपैकीं एखादा म्हणेल कीं, मग मुलांस सरखेल व वजारतमाब शिकवून काय उपयोग? उपयोग एवढाच कीं, वहींत काउंट लिहितांना त्याच्या नांवापुढें त्याचें कामही लिहावें. तो जहाजें बांधतो कीं जकात वसूल करतो? दीपगृह राखतो कीं नुसता मेजवानीस बसतो? ज्याचें काम सुचत नाहीं, त्याचें नांव खोडून टाकावें. आणि सर्वांत खालची पायरी आधीं भरावी: नाखवा, तांडेल, सुकाणूवाला, शिडें शिवणारा, डांबर लावणारा.

तांडेल हें पद कोणत्या दरबारानें दिलें, याची नोंद कोणी ठेवली नाहीं, आणि तें काढून घेणारा हुकूमही कोणी काढला नाहीं. ठाण्यापासून खालीं रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यावर तें आडनांव होऊन नांदत आहे, आणि वर्गाच्या हजेरींतही कोठें कोठें ऐकूं येतें.