हातचे काम आणि वहीतला हिशेब



मार्च महिना सरत आला की आमच्या कर्जत-खोपोली पट्ट्यात दोन कामांची एकदमच घाई उडते. एक आगोटीची. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मिरची-मसाला, सुके बोंबील, जवळा, पापड, फेण्या घरात भरून ठेवायच्या. दुसरी घाई १४ एप्रिलची. पत्रके, झेंडे, पिशव्या, बिल्ले, सारे त्याआधी तयार हवे. खालापूर तालुक्यातल्या आमच्या माहितीतल्या एका ताईंच्या गच्चीवर ही दोन्ही कामे एकाच उन्हात वाळत असतात. एका कडेला जुन्या सुती साडीवर फेण्या, दुसऱ्या कडेला दोरीवर छापलेल्या कापडी पिशव्या.

ताई दहावी शिकलेल्या. यजमान कारखान्यात कंत्राटी कामगार, मुलगी कॉलेजात. घरात रिकामा हात म्हणून कधी दिसणार नाही. जुन्या साड्यांची गोधडी, फाटक्या जीन्सची बाजारपिशवी, लग्नाच्या जुन्या पत्रिकांची पाकिटे. टाकाऊ म्हणून काही टाकायचे असते, हेच त्यांना ठाऊक नाही. त्यांनी स्क्रीन प्रिंटिंगही एका छोट्या वर्गात शिकून घेतले आणि चुकत चुकत हात बसवला.

हे स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काही मोठ्या यंत्राचे काम नव्हे. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणून बसवायचे. अंधाऱ्या खोलीत त्या जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप लावून सुकवायचा. ट्रेसिंग कागदावर काळ्याभोर शाईने काढलेले चित्र त्यावर ठेवून वरून काच दाबायची आणि उन्हात धरायचे. जिथे ऊन लागते तिथला लेप घट्ट होतो. जिथे काळ्या शाईची सावली पडते तिथला कच्चा राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. मग चौकट कापडावर ठेवून रबरी पट्टीने शाई ओढली की मोकळ्या जाळीतून चित्र खाली उमटते. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी रेशमी जाळीच्या या पद्धतीचे पेटंट १९०७ साली घेतले. आमच्या नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली तेही याच साली. आज जाळी नायलॉन-पॉलिस्टरची आली, पण कृती तीच राहिली.

फेण्यांची कृतीही तशीच धीराची. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, मग बारीक वाटायचा. मीठ, जिरे, खसखस घालून पातळ पीठ ताटलीवर पसरायचे, वाफेवर शिजवायचे आणि न फाडता सोडवून वाळवायचे. आमच्या कर्जतचे भात संशोधन केंद्र कर्जत-३ सारख्या वाणांमुळे राज्यभर माहीत आहे. पण त्याच तांदळाची फेणी दुधासारखी पांढरी उतरवणे हे ताईंच्या हाताचे काम.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने जयंतीसाठी २०० कापडी पिशव्या छापून घ्यायचे ठरवले. हिशेबाची वही माझ्याकडे. मी ताईंकडे गेलो आणि म्हणालो, "ताई, आपलेच काम आहे, जरा सांभाळून घ्या." ताईंनी नगास ४० रुपये सांगितले. मी खूश होऊन परतलो आणि बैठकीत सांगितले की बाजारापेक्षा स्वस्तात काम केले. टाळ्याही पडल्या.

जयंती झाल्यावर ८,००० रुपये द्यायला गेलो. ताई चहा टाकायला आत गेल्या. मुलगी म्हणाली, "काका, आईने या कामात काय मिळवले ते तुम्हीच सांगा. तुम्ही बी.कॉम. आहात ना?" मला राग आला नाही, पण उत्तरही आले नाही. म्हटले, "वही आण."

मग आम्ही तिघे बसलो. कोऱ्या पिशव्या ३० रुपयांना एक. छपाईत ८ बिघडल्या, म्हणजे विकत घेतल्या २०८. त्यांचे ६,२४० रुपये. शाई आणि तिचे साहित्य ६५०. चौकट आणि जाळी ५०० ची, पण ती पाच कामांना पुरते, म्हणून या कामाच्या वाट्याला १००. लेप आणि ट्रेसिंगचे १८०. सामान आणायला लोकलने जाणे-येणे आणि बाहेरचे खाणे १९०. एकूण खर्च ७,३६० रुपये. हातात उरले ६४०.

"आणि तास किती?" मी विचारले. ताई म्हणाल्या, "तास कोण मोजतं भाऊ? घरातलंच काम." तरी मोजले. सामान आणायला ५ तास, चौकट तयार करायला ३, छपाईला १०, वाळवून इस्त्री करून घड्या घालायला ६. झाले २४ तास. ६४० भागिले २४, म्हणजे तासाला २७ रुपयेसुद्धा नाहीत. आणि ८,००० रुपयांचे काम केल्याचे समाधान मात्र घरभर!

मी मान खाली घातली. दुसऱ्याने आमच्या माणसाला फुकट राबवले तर आम्ही मोर्चा काढू. पण "आपलेच काम" म्हणून आम्हीच आमच्या भगिनीला राबवले आणि वर काटकसरीची टाळी घेतली.

खरा हिशेब असा हवा होता. साहित्य ७,३६०. तासाला निदान ७५ रुपये धरले तर मजुरी १,८००. झाले ९,१६०. त्यावर मोडतोड, खराबी, उधारी यांसाठी दहा टक्के, म्हणजे ९१६. एकूण १०,०७६. नगास ५० रुपयांच्या थोडे वर, म्हणून ५१ रुपये. ४० आणि ५१ मधले हे अकरा रुपये म्हणजेच ताईंचे कष्ट आणि उद्याच्या चौकटीचे पैसे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी वही उघडून सगळे वाचून दाखवले. थोडी कुरबुर झाली. "ठरलेले दिले ना?" असेही एक जण म्हणाला. शेवटी फरकाचे पैसे द्यायचे ठरले आणि यंदापासून काम देण्याआधी दर कागदावर लिहायचे हेही ठरले.

फेण्यांचे तेच. ताई फेण्यांच्या किमतीत तांदूळ धरतच नसत. का, तर तो माहेरहून येतो. मी म्हटले, "ताई, माहेरचा तांदूळ प्रेमाचा आहे, फुकटाचा नाही. तोच बाजारात विकला असता तर पैसे आलेच असते." गॅस, खसखस, तीन दिवसांचे पाणी बदलणे, सगळे त्या आता वहीत लिहितात.

घरी असे काम करणाऱ्या भगिनींसाठी आणखी चार गोष्टी सांगतो.

पहिली, जिवाची. स्क्रीनच्या लेपात काही ठिकाणी नारिंगी रंगाचे बायक्रोमेट वापरतात. ते कातडीला आणि पोटाला घातक आहे. हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा. त्या कामाची भांडी स्वयंपाकघरात आणू नका. थिनर, केरोसीन पेटत्या शेगडीजवळ नको. ते रसायनाचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका; आपली उल्हास आणि पाताळगंगा आधीच पुष्कळ सोसत आहेत. गच्चीवर फेण्या आणि छपाई यांच्यात चांगले अंतर ठेवा.

दुसरी, टिकाऊपणाची. कापडावरची पाण्याची शाई पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात रंग जातो आणि त्याबरोबर गिऱ्हाईकही.

तिसरी, कागदाची. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या. भांडवल हवे असेल तर सावकाराकडे जाण्याआधी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात आणि बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा. पण आधी तीन महिन्यांची वही हवी. वहीशिवाय कर्ज म्हणजे अंधारात उडी.

चौथी, बाजाराची. बॅनरचे काम फ्लेक्सने नेले, लग्नपत्रिकांचे अर्धे काम मोबाईलने नेले. कापडी पिशवी, पाकीट, छोट्या दुकानाचे लेबल ही थोड्या नगांची कामे मात्र अजून हाताशी आहेत. मोठ्या यंत्राला ५० नग परवडत नाहीत, तुम्हाला परवडतात.

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली आले. वडील लवकर गेल्यावर रत्नागिरीकडच्या त्यांच्या आईने बांबूची सुपे-टोपल्या विणून मुले वाढवली, शिकवली. कोकणात त्या वस्तूंनाच आयदान म्हणतात. हातच्या कामाने घर उभे राहते याला आणखी पुरावा नको. मात्र त्या माउलीचे तास कोणी मोजले असतील का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सतावतो.

यंदा ताईंना १५० पिशव्यांचे काम मिळाले आहे. दर कागदावर लिहिला आहे. परवा गेलो तेव्हा मुलगी गच्चीवर चौकट उन्हाला धरून उभी होती आणि भिंतीवर खडूने वेळ लिहीत होती. मला पाहून हसली. म्हणाली, "काका, हे पण तासात धरायचं ना?"

धरायचे, पोरी. तेच आधी धरायचे.