आपले उत्पन्न, त्यांची घरे

आपल्या मराठी मंडळाच्या मोठ्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास येते: अमेरिकेत आलेल्या सगळ्या समाजांत आपण भारतीय सर्वांत श्रीमंत! टाळ्या पडतात. आकड्यांना या वाक्याचा आधार आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये भारतीय कुटुंबाचे मध्यक उत्पन्न वर्षाला १ लाख १९ हजार डॉलर होते, म्हणजे निम्मी भारतीय कुटुंबे याहून अधिक कमवत होती. सगळ्या आशियाई कुटुंबांचा मिळून हाच आकडा ८५,८०० होता आणि एकूण अमेरिकन कुटुंबांचा ६१,८००.

माझी हरकत आकड्याला नाही, त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या स्पष्टीकरणाला आहे. आपल्याकडे शिक्षणाला मान आहे, आपण कष्टाळू आहोत, घर धरून राहतो, पैसा उधळत नाही, म्हणून पुढे गेलो, असे आपण एकमेकांना सांगतो आणि मुलांनाही. हे खरे की खोटे ते पाहायचे तर हेच सगळे गुण असलेला दुसरा एखादा समाज शेजारी ठेवून बघायला हवा. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, म्हणजे आपल्या इथे, तो शोधायला लांब जावे लागत नाही.

सॅन होजे शहरात लाखाहून अधिक व्हिएतनामी राहतात. व्हिएतनामबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याही शहरात ते एवढ्या संख्येने नाहीत. आपली वस्ती सनीव्हेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँटकडे. त्यांची स्टोरी रोड आणि टली रोडच्या आसपास. मुलांच्या अभ्यासासाठी पोटाला चिमटा काढणे, म्हाताऱ्या आईवडिलांना घरात ठेवणे, नातेवाइकांना मागून घेणे, गावी पैसे पाठवणे यांत दोन्ही समाजांत डावे-उजवे करता येणार नाही. तरी २०१९ मध्ये व्हिएतनामी कुटुंबाचे मध्यक उत्पन्न सुमारे ७० हजार डॉलर होते. आपल्यात पंचविशीपुढच्या शंभरातले पंचाहत्तर पदवीधर. त्यांच्यात बत्तीसच्या आसपास. संस्कार सारखे आणि उत्पन्नात एवढे अंतर, तर कारण संस्कारांपलीकडे शोधावे लागते.

ते दोन तारखांपाशी सापडते. पहिली १९६५ ची. त्याआधी अमेरिकेने भारतीयांसाठी ठेवलेला कोटा वर्षाला शंभर जणांचा होता आणि तोसुद्धा १९४६ मध्ये मिळालेला. १९६५ च्या कायद्याने देशवार भेदभाव काढून टाकला आणि नातेवाइकांबरोबर शिकलेल्या, कुशल माणसांना प्राधान्य दिले. मग आपल्याकडून कोण आले? पुण्या-मुंबईच्या सरकारी महाविद्यालयांतून शिकलेले डॉक्टर आणि इंजिनियर. वर्षाला काही शे रुपये फी भरून त्यांनी पदवी घेतली. बाकीचा खर्च भारतातल्या करदात्यांनी उचलला, ज्यांतल्या बहुतेकांची मुले कॉलेजची पायरीही चढली नाहीत. १९९० च्या कायद्याने नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाला आजचे रूप दिले आणि वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली; पुढे २००१ ते २००३ या वर्षांत ती १ लाख ९५ हजारांपर्यंत वाढवली गेली. या व्हिसाची मूळ अट साधारणपणे पदवीचीच आहे. पदवीधरच आत येऊ शकतील असा नियम करायचा आणि नंतर आत आलेल्यांत पदवीधर किती म्हणून आश्चर्य करायचे, असा हा प्रकार आहे.

संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी २०१६ मध्ये 'द अदर वन पर्सेंट' या पुस्तकात ही गोष्ट तपशिलाने मांडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अमेरिकेतला भारतीय तीन चाळण्यांमधून आलेला असतो. पहिली भारतातल्या जातीवर्गाची, म्हणजे उच्च शिक्षणापर्यंत कोण पोचतो याची. दुसरी प्रवेश परीक्षांची. तिसरी अमेरिकेच्या व्हिसाची. आपल्या मंडळांच्या सभासद याद्यांवरची आडनावे एकदा शांतपणे वाचून पाहिली तर पहिल्या चाळणीसाठी वेगळा पुरावा मागायची गरज पडू नये. महाराष्ट्राचा आणि या याद्यांचा तोंडवळा सारखा नाही.

दुसरी तारीख ३० एप्रिल १९७५. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडली आणि त्या वर्षी सुमारे सव्वा लाख व्हिएतनामी अमेरिकेत पोचले. कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनपासून पेनसिल्व्हेनियापर्यंत चार लष्करी तळांवर त्यांची छावणी पडली. तिथून चर्च आणि स्थानिक कुटुंबांच्या हमीवर त्यांना देशभर मुद्दाम विखरून पाठवले गेले, म्हणजे कुठल्याच एका गावावर भार नको. पुढे त्यांनी स्वतःच कॅलिफोर्निया आणि टेक्सास गाठून वस्त्या केल्या. या पहिल्या लाटेत अधिकारी, वकील, डॉक्टर, शिक्षक बरेच होते. १९७८ नंतर होड्यांतून समुद्र ओलांडून, मलेशियातल्या पुलाऊ बिडाँगसारख्या छावण्यांत दिवस काढून जे आले, त्यांच्यात कोळी, शेतकरी, छोटे दुकानदार अधिक होते. १९९० च्या सुमारास तिसरी लाट आली, कम्युनिस्ट सरकारच्या 'पुनर्शिक्षण' छावण्यांत तीन-तीन वर्षे आणि त्याहून अधिक काळ डांबलेल्यांची. यांतल्या कुणालाच जीआरईसारखी प्रवेश परीक्षा द्यावी लागली नव्हती. जीव वाचला, एवढीच त्यांची पात्रता.

पहिल्या लाटेतले लोक शिकलेले होते, मग ते आपल्यासारखे का वर आले नाहीत, असे कुणी विचारेल. त्यांचे शिक्षण फ्रेंच आणि व्हिएतनामीतले होते, कागदपत्रे मागे राहिली होती आणि सायगावच्या न्यायालयातल्या वकिलाला इथे काही काम नव्हते. आपला डॉक्टर इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून शिकून, परदेशी डॉक्टरांची परीक्षा इंग्रजीतच देऊन, नोकरीचे पत्र खिशात घेऊन विमानात बसला. इंग्रजांच्या राजवटीने आपल्याला दिलेला हा वारसा आपण सहसा आपल्या गुणांच्या खात्यावर जमा करतो.

याच सिलिकॉन व्हॅलीत ऐंशीच्या दशकात दोन्ही समाज एकाच उद्योगात होते. आपली माणसे सर्किटचे डिझाइन करत होती. व्हिएतनामी बायका-पुरुष असेंब्ली लाइनवर तीच बोर्डे जोडत होते, काही जण तर नगामागे पैसे ठरवून रात्री घरच्या टेबलावर. कष्टात कोण जास्त हे ठरवायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

नखांच्या सलूनची गोष्ट तर आता सर्वांना माहीत आहे. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची नायिका टिपी हेड्रन १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या एका निर्वासित छावणीत मदतीला जात असे. तिथल्या बायकांना तिची नखे आवडली, म्हणून तिने आपल्या मॅनिक्युरिस्टला तिथे नेऊन वीस जणींना हे काम शिकवण्याची सोय केली. आज कॅलिफोर्नियातल्या नेल सलूनमध्ये काम करणाऱ्यांत बहुसंख्य व्हिएतनामी आहेत. या धंद्याला फारसे इंग्रजी लागत नव्हते, प्रशिक्षण काही महिन्यांचे होते आणि दुकान टाकायला भांडवल कमी. ते भांडवलही बँकेकडून क्वचितच यायचे. यायचे ते 'हुई'मधून. हुई म्हणजे आपली भिशी. ओळखीच्या माणसांनी दरमहा पैसे काढायचे, आळीपाळीने एकाने उचलायचे. कुणी उचल घेऊन पळाला तर कोर्टात दाद मागणेही अवघड. या कामात नेल पॉलिशमधल्या रसायनांचा त्रास आहे, आजारपणाची रजा नाही, पुष्कळ ठिकाणी विमा नाही. ७० हजारांच्या आकड्यात ही सगळी किंमत दिसत नाही.

इथवर तुलना आपल्या बाजूने झुकलेली आहे. पण उत्पन्नाऐवजी घर मोजले की चित्र पालटते. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण व्हिएतनामी समाजात आपल्यापेक्षा जास्त आहे. ज्यांचे उत्पन्न जास्त त्यांची घरे कमी, हे कसे? काही भाग काळाचा. त्यांच्यातले पुष्कळ जण घरे आवाक्यात होती तेव्हा आले. आपल्यातले निम्म्याहून अधिक २००० नंतर. एका घरात तीन-चार कमावते असले की हप्ताही निघतो. पण मोठे कारण व्हिसाचे आहे. निर्वासिताला वर्षभरानंतर ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. एच-१बीवर आलेल्या भारतीयाला मात्र नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड हवे असेल, तर एका देशाला सात टक्क्यांहून अधिक नाही या नियमामुळे रांगेत दशके काढावी लागतात. नोकरी गेली की साधारण साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा २०१५ पासून मिळाली, तीही ठरावीक टप्पा गाठलेल्यांनाच. अशा माणसाने तीस वर्षांचे कर्ज कशाच्या भरवशावर घ्यायचे? स्वतःचा धंदा कसा काढायचा? आपले तरुण धाडस करत नाहीत, नोकरीतच रमतात, अशी तक्रार जुनी मंडळी करतात. धाडसाला कायद्याची परवानगी लागते हे ती विसरतात, कारण त्यांना ग्रीन कार्ड लवकर मिळाले होते.

म्हणजे आर्थिक सुस्थिती ही एका रकान्यात मावणारी गोष्ट नाही. पगार किती, हा एक प्रश्न. पगार थांबला तर किती दिवस टिकाव धराल, हा दुसरा. जिथून निघालात तिथून किती लांब आलात, हा तिसरा. पहिल्यात आपण खूप पुढे आहोत. दुसऱ्यात आपल्यातले व्हिसावरचे लोक टली रोडवरच्या दुकानदारापेक्षाही कच्चे असू शकतात. तिसऱ्यात तर व्हिएतनामींचे पारडे जड आहे. मिन झोउ आणि कार्ल बँक्स्टन यांनी न्यू ऑर्लीन्समधल्या गरीब व्हिएतनामी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास करून १९९८ मध्ये पुस्तक लिहिले. आईवडिलांचे शिक्षण तुटपुंजे, शाळा सामान्य, तरी मुले अभ्यासात वर येत होती. डॉक्टरांच्या मुलीने डॉक्टर होणे आणि कोळ्याच्या मुलीने फार्मसिस्ट होणे, यांतले अंतर मोजायला गेलो तर टाळ्या कुणासाठी वाजवाव्या लागतील?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चाळणी असेल, पण आम्ही काही आयते बसून खाल्ले नाही; त्या परीक्षा आम्हीच दिल्या. मान्य. एका वर्गातल्या दोघांत एक पुढे का गेला, हे सांगायला मेहनत हे उत्तर पुरेसे असते. दोन समाजांतला फरक सांगायला ते पुरत नाही, कारण मेहनती माणसे दोन्हीकडे आहेत. आपल्याच देशातल्या माणसांचा दाखला घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आलेले पंजाबी शेतकरी कमी कष्टाळू होते का? १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र ठरणाऱ्या परदेशी लोकांना जमीन विकत घ्यायला बंदी केली आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना त्याच अपात्रांत ढकलले. माणसे भारतीयच, संस्कार तेच. कायदा वेगळा आणि म्हणून नशीबही वेगळे. कायदा पुन्हा बदलूही शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क एका सहीनिशी जाहीर झाले, तेव्हा आपल्या श्रीमंतीचा पाया कुठे आहे ते सगळ्यांनाच दिसले.

ही चर्चा नुसती हिशेबाची असती तर मंडळाच्या अंकाची पाने मी अडवली नसती. 'सर्वांत श्रीमंत समाज' या बिरुदाचे दोन तोटे होतात. एक, ते दुसऱ्यांच्या विरोधात वापरले जाते: भारतीयांना जमले, मग तुम्हाला का नाही, असे कृष्णवर्णीयांना आणि लॅटिनोंना सुनावले जाते. १९६५ चा कायदा झाला तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने देशाची हवा बदलली म्हणून, हे लक्षात घेतले तर असे सुनावणाऱ्यांना आपले नाव उसने देणे कृतघ्नपणाचे ठरते. दुसरा तोटा आपल्याच घरात होतो. मध्यक मोठा असला की खालच्या निम्म्यांकडे लक्ष जात नाही. नोकरी गेलेला एच-१बीधारक, कर्ज काढून मास्टर्सला आलेली विद्यार्थिनी, व्हिजिटर व्हिसावर येऊन आजारी पडलेले सासू-सासरे, गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारा कागदपत्रांविना राहिलेला माणूस. मदत मागणे म्हणजे समाजाची पत घालवणे असे वाटून यांतले पुष्कळ जण मंडळाकडे फिरकत नाहीत.

म्हणून दोन सूचना करतो. गणेशोत्सवाच्या आणि दिवाळीच्या खर्चातला ठरावीक हिस्सा अडचणीतल्या मराठी कुटुंबांसाठी वेगळा ठेवावा. त्यातून इमिग्रेशन वकिलाचा पहिला सल्ला, दोन महिन्यांचे भाडे, तातडीचे उपचार एवढे तरी भागावे, आणि मदत घेणाऱ्याचे नाव कार्यकारिणीतल्या दोघांपलीकडे जाऊ नये. दुसरी सूचना: सॅन होजेतल्या व्हिएतनामी संस्थांशी बोलणे सुरू करावे. छोट्या दुकानांचे परवाने, वृद्धांसाठी स्वभाषेतली आरोग्यसेवा, नव्याने आलेल्यांना रुळवणे या कामांचा त्यांना पन्नास वर्षांचा अनुभव आहे. या बाबतीत देण्यासारखे आपल्याकडे थोडे आणि घेण्यासारखे पुष्कळ आहे. येत्या वार्षिक सभेत या दोन्हींचा ठराव मी मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनीही जरूर यावे, मात्र येताना आपले पहिले ग्रीन कार्ड किती वर्षांत मिळाले ते आठवून यावे.